अख्खं अंग वळवणारे काका

मारेगावात आमच्या आळीला एक गाडीवान काका होते. चिंचेवरून पडून त्यांची मान वरच्या मणक्यांपाशी मोडली होती. महिनोन्‌महिने पट्टा बांधून हाड जुळलं, पण पुढे कुणी मागून हाक मारली की काका अख्खं अंग वळवत. मानेच्या वरच्या दोन मणक्यांबद्दल मिळेल ते वाचायचा माझा नाद तिथून सुरू झाला.

डोकं जितकं वळतं, त्यातलं जवळपास निम्मं या दोघांच्या सांध्यात वळतं. दुसऱ्या मणक्याचा सुळका पहिल्याच्या कड्यात बसतो. अँडरसन आणि डी'अलोंझो यांनी १९७४मध्ये सुळक्याच्या मोडीचे तीन प्रकार ठरवले. मणक्याच्या अंगात उतरलेली तिसरी मोड बहुधा पट्ट्यावर जुळते. पट्टा की शस्त्रक्रिया, हा खरा वाद दुसरीचा, सुळक्याच्या बुडाशी झालेल्या मोडीचा. ती जुळेलच याचा भरवसा नसतो, उतारवयात तर फारच कमी. कवटीत पिना रोवून डोकं धरून ठेवणारा हेलो १९५९मध्ये पेरी आणि निकेल यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी मांडला. म्हाताऱ्या माणसाला तो सहसा सोसत नाही.

शस्त्रक्रियेच्या बाजूने वाचताना मी अडकलो तो १९९४च्या एका छोट्या शोधनिबंधाशी. लेखक अतुल गोयल आणि लाहेरी, तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयातले. तोवर मणके बहुधा मागून तारेने बांधायची रीत होती. यांनी थेट सांधाच उघडला, कूर्चा खरवडली, हाडाचे तुकडे भरले आणि दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून प्लेटने जखडले. निबंध होता निखळलेल्या सांध्यावर. मोडलेल्या मानेलाही तीच वाट लाभली. २००१मध्ये जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्शर यांनी प्लेटऐवजी दांडी वापरली आणि अनेकांच्या तोंडी फक्त हार्म्सचं नाव बसलं. आता 'गोयल–हार्म्स' म्हणतात. महापालिकेच्या रुग्णालयातलं हे काम; गोयलांचं नाव आधी यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

वाद नावापुरता नाही. सांधा नीट दिसावा म्हणून गोयल मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची गाठ कापतात. हार्म्स ती खाली सारून वाचवतात. कापली तर डोक्याचा मागचा भाग बधिर होतो. पण शेजारूनच मेंदूकडे जाणारी रोहिणी धावते, तेव्हा डोळ्यांसमोर सांधा असण्याचं मोल मला पटतं. २००२मध्ये गोयलांनी १६० रुग्णांचा अहवाल मांडला.

तरी स्क्रूने जखडलेला सांधा पुन्हा वळत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया करूनही काकांची मान पूर्वीसारखी वळली नसती. म्हणून पट्टा की स्क्रू, हे हिमतीवर ठरू नये. हाड किती सरकलंय, हलतंय का, वय काय, हे आधी विचारावं. आणि पट्टा म्हणजे घरी पडून राहणं नव्हे. मारेगावच्या माणसाला तपासण्यांसाठी यवतमाळ-नागपूरच्या वाऱ्या कराव्या लागतात, आणि त्यातली एक चुकली तर न जुळलेलं हाड कुणाला कळतच नाही; ते सरकून मज्जारज्जू दाबला गेला तर हातपाय जाऊ शकतात. काकांचं जुळलं. ते वळून पाहत, तेव्हा त्यांचे हातपाय शाबूत होते, हे मला फार उशिरा उमगलं.