वाळूत हरवलेले सोने शोधताना

कोथरूडमधल्या आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आजींची अंगठी दिवेआगरच्या समुद्रात गेली. नातवाचा हात धरून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लाट ओसरली तेव्हा बोट रिकामे होते. अंगठी सासूबाईंनी दिलेली, त्यामुळे प्रश्न केवळ सोन्याच्या भावाचा नव्हता. मुलाने त्याच आठवड्यात ऑनलाइन धातुशोधक यंत्र मागवले आणि पुढच्या शनिवारी पहाटे ताम्हिणी घाटाने पुन्हा किनारा गाठला.

कोरड्या वाळूत यंत्राने बाटल्यांची झाकणे दाखवली. ओल्या वाळूत पाऊल टाकताच ते जे किंचाळू लागले, ते थांबेचना. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर पेटीत पाणी शिरून यंत्र बंद पडले. मान वर करून पाहिले, तर किनाऱ्यावर ठेवलेल्या चपला तरंगत होत्या. खाली बघण्याच्या नादात भरती लागल्याचे त्याच्या लक्षातच आले नव्हते.

त्याच्या चुका तीन होत्या: यंत्राची निवड, वेळेची निवड आणि स्वतःच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष. किनाऱ्यावर असा शोध घेण्याचा छंद आपल्याकडेही अनेकांना खुणावतो आहे, म्हणून त्या एकेक करून समजून घेऊ.

मीठ धातूसारखे वागते

धातुशोधकाचा जन्म वैद्यकाच्या अंगणातला म्हणावा लागेल. जुलै 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय उपकरण आणले. ते गोळी शोधू शकले नाही. रुग्णाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेतात घोळ घातला, असे नंतर सांगितले गेले. यंत्र चांगले असले तरी भोवतालचा परिसर त्याला फसवू शकतो, हा धडा किनाऱ्यावरही लागू पडतो.

यंत्राच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र चकतीकडे परत येते. यंत्र ते टिपून आवाज करते. परतीचा संकेत किती उशिरा येतो, यावरून लोखंड की सोने-चांदी, याचा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी की समुद्राचे पाणीही वीज वाहून नेते. एक लिटर समुद्रपाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खाऱ्या ओल्या वाळूचा संकेत पातळ सोन्याच्या अंगठीच्या संकेताशी बराच मिळताजुळता असतो. एकाच वारंवारितेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यातच कोकणच्या वाळूत, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, इल्मेनाइटसारखी लोहयुक्त काळी खनिजे असतात. त्यामुळे शेतात उत्तम चालणारे यंत्र किनाऱ्यावर वेडेपिसे होते.

कोणते यंत्र घ्यावे?

किनाऱ्यासाठी दोन पर्याय आहेत. पहिला बहुवारंवारितेचा. हे यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारितांवर संकेत पाठवते, त्यांची तुलना करते आणि मिठाचा वाटा वजा करते. धातू ओळखण्याची सोयही त्यात असते. दुसरा पल्स इंडक्शनचा. यात क्षणभराचा झटका देऊन यंत्र काही मायक्रोसेकंद थांबते. खाऱ्या पाण्यातले प्रवाह तेवढ्यात विरून जातात, धातूतले मात्र टिकतात. काळ्या वाळूतही हे यंत्र शांत राहते आणि खोलवर जाते. पण लोखंड आणि सोने यांत ते फारसा भेद करत नाही. म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा खणण्याची तयारी हवी. नवशिक्याने पहिला पर्याय घ्यावा.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाची नीट चौकशी करा. अनेक यंत्रांची फक्त चकती पाण्यात चालते, वरची पेटी नाही. आमच्या शेजाऱ्याची फसगत इथेच झाली. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी 68 म्हणजे त्याहून अधिक, पण किती ते निर्माता सांगेल तेवढेच. गॅरेटचे एटी प्रो 3 मीटरपर्यंत चालते, पण ते 15 किलोहर्ट्झ या एकाच वारंवारितेचे आहे. म्हणजे जलरोधक असले तरी खाऱ्या वाळूसाठी ते पहिली पसंती ठरत नाही. मिनलॅबचे इक्विनॉक्स 900 बहुवारंवारितेचे आहे आणि 5 मीटरपर्यंत चालते. गॅरेटचे सी हंटर मार्क टू पल्स पद्धतीचे असून पाणबुड्यांसाठी, म्हणजे सुमारे 60 मीटरपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले आहे. सहलीला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

हेडफोनही जलरोधक आणि तारेचेच हवेत. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात पोहोचत नाहीत. वापरानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुवा, चार्जिंगचे तोंड कोरडे करा आणि मगच झाकण उघडा.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोल असेल तरच खात्रीने सापडते.

तिथीची पाऊणपट

शोधाची वेळ ओहोटीची. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप आत जाते आणि नेहमी बुडालेली वाळू उघडी पडते. पण त्या दिवशी ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते. त्यानंतरच्या तृतीया-चतुर्थीला ती सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास येते. उजेडही असतो आणि पाणीही बरेच मागे गेलेले असते. हा हिशेब अंदाजाचा आहे. जाण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहा आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारा.

ओहोटीच्या दोन तास आधी सुरुवात करा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात बाहेर या. मोबाइलवर गजर लावा. एक जण शोधत असताना दुसऱ्याने पाण्याकडे पाहत उभे राहावे. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, हे आपण विसरू नये. अंगठी पुन्हा घडवता येते.

शोधताना चकती वाळूला समांतर आणि अगदी जवळ ठेवा. सावकाश फिरवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा. सोने वाळूच्या कणांहून कितीतरी जड असते. ते लाटेने फार दूर जात नाही. उताराच्या पायथ्याशी किंवा खळग्यात बसते आणि हळूहळू खाली रुतते. म्हणून वस्तू हरवली की लगेच जवळच्या झाडाची किंवा घराची खूण धरून जागा लक्षात ठेवा.

अंगाला जपा

किनाऱ्यावर गंजलेले खिळे, गळ आणि काचा असतात. जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि जाळीचे फावडे वापरा. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टरांना भेटा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी उघड्या जखमेसह समुद्रात उतरूच नये. समुद्रातले काही जीवाणू त्यांच्यासाठी घातक ठरू शकतात. पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या आणि चकती छातीजवळ आणू नका. यंत्र सतत फिरवल्याने खांदा आणि कोपर दुखतात. दर वीस मिनिटांनी हात बदला.

भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू खणू नका. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, दिवेआगर, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ती कायद्याने संरक्षित आहेत.

सापडले, पण कोणाचे?

1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याला कैद होऊ शकते. पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीत बांधकामाच्या जागेवर मजुरांना जुनी सोन्याची नाणी सापडली. 2021 मध्ये पोलिसांनी अशी 216 नाणी ताब्यात घेतली. नुकत्याच हरवलेल्या अंगठीला हा कायदा लागू होत नाही, पण तिला मालक असतो. ती परस्पर ठेवून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो. संरक्षित किल्ल्यांच्या आवारात आणि परिसरात तर यंत्र पिशवीतूनही काढू नका.

दिवेआगरच्या मातीला याचा अनुभव आहे. 1997 मध्ये तिथल्या एका वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. त्याच गावचा शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधला ताम्रपट मराठीच्या जुन्यात जुन्या ताम्रपटांत गणला जातो. भंगाराच्या भावाने त्याची किंमत काय झाली असती? जमिनीतल्या वस्तूचे मोल पुष्कळदा ती कुठे आणि कशासोबत होती, यात असते. ती उपटून खिशात घातली की ते मोल संपते.

आमचा शेजारी जानेवारीतल्या एका चतुर्थीला मित्राचे बहुवारंवारितेचे यंत्र घेऊन पुन्हा गेला. जाण्यापूर्वी पोलिस ठाण्यात कळवले, सोबत भाऊ पहाऱ्याला. तीन तासांत पिशवीभर झाकणे, गंजके गळ, दोन रुपयांची चार नाणी आणि एक अंगठी सापडली. अंगठी मात्र आजींची नव्हती. ती ठाण्यात जमा करून तो घरी आला, तेव्हा आजींनी एवढेच विचारले, “पावती घेतलीस ना रे?”