मराठीच्या कल्पित जगात कोणाला जागा?

मराठीतल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना बायकांचीच नावे आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि ‘रत्नप्रभा’ १८६६ ची. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. लेखक मात्र पुरुष, आणि नायिकेच्या वाट्याला बहुधा संकटे, विरह आणि शेवटचे मीलन. त्या काळी गोव्यातल्या पेडण्यात आणि पलीकडच्या सावंतवाडी भागात अद्भुताची हौस दशावतार भागवत असे. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत राणी, अप्सरा, राक्षसीण, सगळ्या भूमिका लुगडे नेसून पुरुषच करत.

बाईने स्वतः कल्पिलेले जग मराठीत आले ते काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ च्या कादंबरीत. रेवतीचे लग्न एका संस्थानिकाशी फसवून लावले जाते. नवरा बुद्धीने अधू आहे हे तिला नंतर कळते. मग राज्यकारभार तीच हाती घेते आणि बायकांना शिक्षण, काम आणि अधिकार देणारे राज्य उभे करते. यात यंत्रे नाहीत, अंतराळ नाही. बदलला आहे तो समाज. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. तिच्यात पुरुष पडद्यात असतात आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर युद्ध जिंकतात. भारतीय विज्ञानकथेच्या इतिहासात रोकेयांचे नाव आज मानाने घेतले जाते. काशीबाईंची कादंबरी मात्र समाजसुधारणेच्या कप्प्यातच राहिली. मराठी विज्ञानकथेची वंशावळ सांगताना तिचा उल्लेखही सहसा होत नाही, आणि ही चूकच आहे.

विज्ञानकथेची रुळलेली वाट वेगळ्या बाजूने आली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’मध्ये छापले गेले. पुढे मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६) विज्ञानकथा स्पर्धा सुरू केल्या आणि त्यांतून लेखकांची एक पिढीच पुढे आली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने स्पर्धेला पाठवली. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती मंगला नारळीकरांच्या हातची होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. अमेरिकेत त्याच सुमारास जेम्स टिपट्री ज्युनियर हे नाव गाजत होते. ते ॲलिस शेल्डन नावाच्या बाईचे टोपणनाव असल्याचे १९७७ मध्ये उघड झाले. नारळीकरांना आपली ख्याती लपवायची होती, शेल्डन यांच्या टोपणनावाआड बाईपण झाकले गेले.

या वळणाच्या मराठी कथांत स्त्री येते ती अनेकदा प्रश्न म्हणून. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातली ‘पुत्रवती भव’ ही कथा मुलगाच हवा या हव्यासाला विज्ञानाची साथ मिळाली तर काय होईल, हे विचारते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९८८ मध्ये आला, केंद्राचा १९९४ मध्ये; म्हणजे कथाकाराला धोका आधी दिसला होता. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीतही स्त्रियांची घटलेली संख्या हा एक धागा आहे. तिला जाहीर झालेला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. दोन्हीकडे मुद्दा खरा आणि नेमका आहे. पण स्त्रिया कमी झाल्यावर समाजाचे काय होईल हे दाखवणे वेगळे आणि त्या समाजात जगणाऱ्या स्त्रीच्या डोक्यात शिरणे वेगळे. दुसरे काम मराठीत कमी झाले. ‘यंत्रायणी’ लिहिणाऱ्या शुभदा गोगटे, बेळगावच्या माधुरी शानभाग आणि अलीकडे मेघश्री दळवी या लेखिकांमुळे चित्र काहीसे बदलले आहे.

लिंग ही गोष्टच अस्थिर मानून लिहिणे हा आणखी पुढचा टप्पा. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये माणसे एरवी ना स्त्री ना पुरुष असतात, ठरावीक दिवसांपुरती कोणीही कोणतेही होऊ शकते. मराठी लेखकाला अशा कथेचे बीज परग्रहावर शोधण्याची गरज नाही. मोरजीच्या तेंबवाडा किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्लू नर निपजेल की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या जास्त. हवामान तापत चालले असताना या किनाऱ्यावर सगळ्या माद्याच निपजू लागल्या तर, हा प्रश्न कथेपासून फार दूर नाही.

पाश्चात्त्य चर्चेत याच्याच जोडीला वंश येतो. ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’चा नायक सावळा आहे, तरी कितीतरी मुखपृष्ठांवर तो गोराच रंगवला गेला. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेने २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीनदा कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळवला, तेव्हा कुठे वारे फिरले. मराठीत हाच प्रश्न जातीचा आणि प्रदेशाचा होतो. आपल्या विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ बहुधा पुण्या-मुंबईचा, मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय आडनावाचा. शतके उलटतात, यान दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर उतरते, आडनावे मात्र तीच राहतात. पेडण्याचा रापणकार किंवा डिचोलीच्या खाणीवरचा मजूर त्या यानात क्वचितच चढतो. आज मोरजीत रशियन पाट्या आहेत, पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे. इतक्या वंशांची सरमिसळ गावात होत असताना भविष्याच्या मराठी कथेत ती जवळपास नाहीच.

दलित लेखकांनी हा प्रकार फारसा हाताळला नाही, यालाही कारण आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ आली; तिच्यातली कृष्णवर्णीय नायिका काळात मागे खेचली जाऊन गुलामगिरीच्या मळ्यावर पोचते. बटलर यांना गुलामगिरी अंगावर आणण्यासाठी कालप्रवास लागला, कारण ती कायद्याने संपून शतक उलटले होते. पवारांना जे सांगायचे होते ते स्वतःच्या आयुष्यातच घडलेले होते. अनुभव खोटा ठरवला जाण्याची भीती असताना साक्ष महत्त्वाची होती, आणि आत्मकथनाने ती दिली.