बाभळीची साल, परळीची राख आणि बोअरचं पाणी

शेवग्याच्या बियांची पूड टाकली की पाण्यातलं सगळं विष निघून जातं, असं अनेकांना वाटतं. शेवगा गढूळ पाणी निवळवतो, हे खरं. बियांमधली प्रथिनं मातीचे बारीक कण एकत्र आणतात आणि गाळ तळाशी बसतो. शिसं किंवा कॅडमियम मात्र पाण्यात विरघळलेलं असतं. पाणी नितळ दिसलं म्हणून ते गेलं असं समजू नये.

विरघळलेला धातू पकडायला अधिशोषण लागतं. बाभळीची साल, भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड यांच्या पृष्ठभागावर असे रासायनिक गट असतात की धातूचे आयन त्यांना चिकटून बसतात. प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बीडसारख्या ऊस-कापसाच्या जिल्ह्यात चिपाड आणि पऱ्हाट्यांना तोटा नाही. म्हणूनच या स्वस्त उपायाबद्दल चुकीचं बोललं गेलं की मला राहवत नाही.

पहिली चूक म्हणजे ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा समज. कच्ची साल टॅनिन सोडून पाणी तांबूस करते. परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणच्या कोळशाच्या राखेवरही अधिशोषक म्हणून जगभर संशोधन होतं, पण त्या राखेतच आर्सेनिक, क्रोमियम असू शकतं. प्रक्रिया न करता ती पिण्याच्या पाण्यात घालणं धोक्याचंच.

दुसरा समज, एकच पूड सगळ्या धातूंना चालते. फार आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजनचे आयन शिशाची जागा अडवतात, तर सहा-संयुजी क्रोमियम बहुधा अशाच पाण्यात जास्त चिकटतं. शिवाय जागा भरल्या की पुढचा धातू सरळ निसटतो, आणि पाण्याच्या चवीत काही फरक पडत नाही. वापरलेली साल उकिरड्यावर टाकली तर पकडलेला धातू पुन्हा मातीत उतरू शकतो.

बीडच्या बोअरवेलचं जुनं दुखणं तर फ्लोराइड आहे, आणि फ्लोराइड धातूच नाही! पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. त्यासाठी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याचं नालगोंडा तंत्र विकसित केलं.

शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. इतकं सूक्ष्म प्रमाण टीडीएस मीटरला कळत नाही. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. चिपाड आणि सालीचं काम आधी इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यावर व्हावं. तिथे धातू कोणता आणि किती हे ठाऊक असतं, पाण्याची आम्लता राखता येते आणि भरलेली साल घातक कचरा म्हणून वेगळी काढता येते. घरच्या माठात यातलं काहीच जमत नाही.