उजनीच्या पाण्यावरचा प्रपंच

उष्ण कटिबंधातील बेटांमधून शिडाच्या नौकेत सहकुटुंब संचार करणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींची सचित्र वर्णने वाचताना, जून उजाडला तरी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरकराच्या मनात असूया उत्पन्न झाली, तर ती क्षम्यच मानली पाहिजे. मात्र पाण्यावर प्रपंच करणारी माणसे पाहण्यासाठी त्याला पॅसिफिक महासागर गाठण्याचे प्रयोजन नाही. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जो यशवंतसागर अडवून धरला आहे, त्याच्या काठाने करमाळा-माढ्यापासून पलीकडे इंदापूर, दौंड, कर्जतपर्यंत भोई, कोळी आदी मच्छीमारांची कुटुंबे या जलाशयावरच गुजराण करीत आली आहेत.

ही कुटुंबे होडीत निजत नाहीत, काठावर निजतात. पण तो काठच स्थिर नाही. समुद्रावरचे कुटुंब वाऱ्याचा रोख आणि वादळांचा हंगाम पाहून मुक्काम हलविते, तर येथील कुटुंबाचा मुक्काम पाटबंधारे खात्याच्या दप्तरातील एका आकड्यावर अवलंबून असतो. जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते, आणि उपयुक्त साठा संपून केवळ मृत साठा राहिला म्हणजे ती ४९१.०३ मीटरवर येते. या दोहोंमधील अंतर दुमजली घराच्या उंचीहून अधिक नाही. परंतु भीमेचे खोरे येथे इतके सपाट आहे की, तेवढ्या उतारानेही पाणी कित्येक ठिकाणी दूरवर मागे हटते, माघारी उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरीची पिके उभी राहतात, आणि दिवाळीत होडी ज्या बाभळीला बांधली होती तिच्याखाली वैशाखात शेरडे चरताना दिसतात.

वर्तमानपत्रांत उजनी ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी येते तेव्हा शहरातील माणूस नळाच्या काळजीत पडतो. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत गणला जातो, म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी हिशेबात उणे असते. मासळीचा आणि पर्यायाने मच्छीमाराचा उन्हाळ्यातील आधार तेच पाणी होय. पुढे आषाढात करमाळ्याच्या आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना पाणी चढू लागते, कारण ते येथल्या पावसाचे नसून सह्याद्रीत कोसळून पुणे जिल्ह्यातील धरणांतून सोडलेले असते. म्हणून काठावरच्या घरात मृगाच्या सरींपेक्षा ‘दौंडचा विसर्ग किती?’ हाच प्रश्न अधिक आस्थेने विचारला जातो.

सायंकाळी लावलेली जाळी पहाटे काढावयाची, हा मासेमारीचा नित्यक्रम. अनेकदा एका होडीत नवरा-बायको दोघेच असतात. ती वल्ही मारून होडी जाळ्याच्या रेषेत धरून ठेवते, तो पुढल्या टोकाला गुडघे टेकून जाळे हातावर ओढून घेतो, आणि मध्ये पाण्याचा कॅन, फडक्यात बांधलेली भाकरी व तळाचे पाणी उपसण्यासाठी कापलेला डबा ठेवलेला असतो. जाळ्यात बहुधा चिलापीच अधिक असते. तिच्या पाठीवरचे काटे बोटात शिरू नयेत म्हणून ते मागे दाबून जाळ्याचा फास कल्ल्यावरून अलगद सोडवावा लागतो, आणि हे काम पुरुषांपेक्षा बायका भराभर करतात, हे तेथील पुरुषही विनातक्रार मान्य करतात. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली जलाशयात सोडली जाते खरी, पण परदेशातून आलेली ही चिवट चिलापी त्यांना पुरून उरली आहे. तांबडे फुटल्यावर मासळी भिगवणच्या बाजारात जाते, तेथे लिलाव होतो, आणि दिवसाचा मुख्य व्यवहार शहरातील नोकरदार कचेरीत पोहोचण्यापूर्वीच आटोपलेला असतो.

सागरी नौकेवरील गृहिणी गोड्या पाण्याचा थेंब थेंब जपते. येथे तर होडी तरंगते तीच गोड्या पाण्यावर, तरी पिण्याचे पाणी घरून न्यावे लागते! पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून येथे येऊन साठते, आणि त्यावर पोसलेली जलपर्णी होडीची वाट अडविते. शहरांनी धरणाकडून काय घेतले याचा हिशेब टीएमसीत मिळतो. त्यांनी काय धाडले याचा हिशेब इतक्या तत्परतेने ठेवला गेला असता तर बरे झाले असते.

पाण्याने तोडलेली गावे होडीनेच जोडावी लागतात, आणि त्यात जोखीम आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली उतारूंची होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. उन्हाळ्यातील अशा सायंकाळी वारा पश्चिमेकडून उठतो की पूर्वेकडून, याचे ज्ञान जुन्या नावाड्याला असते. तथापि त्या ज्ञानाच्या भरवशावर लाइफ जॅकेटशिवाय लेकरांना होडीत बसविणे आमच्या मते कोणत्याही काळी समर्थनीय नव्हते.

हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले म्हणजे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूच्या होड्यांना दुसरा धंदा मिळतो. ज्यांच्या वडिलांना पक्षी म्हणजे मासळीतला वाटेकरी एवढेच ठाऊक होते, ते तरुण आता पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना होडीत बसवून प्रत्येक पक्ष्याचे नाव, मूलस्थान आणि सवयी सांगतात, दुर्बीण हाती देतात, आणि दुपारी परतल्यावर घरच्या चुलीवरची मासळी-भाकरीही वाढतात. तिचे पैसे वेगळे.