गिअरपेटीच्या तेलनळ्यांचे सांधे

मालमोटार अर्ध्या वाटेत थांबली म्हणजे तोटा केवळ दुरुस्तीच्या खर्चाइतका नसतो. वायद्याचा माल वेळेवर पोहोचत नाही आणि पेढीचा शब्द खाली पडतो. अशा खोळंब्याचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक भागात असते. स्वयंचलित गिअरपेटीच्या तेलनळ्यांचे सांधे, अर्थात फिटिंग्ज, हे त्यांपैकीच होत. मोटारमालक व सुट्या भागांचे व्यापारी या दोघांनाही उपयोगी पडेल एवढी माहिती येथे देत आहोत.

आपल्याकडील बहुतेक मालमोटारी हातगिअरच्या आहेत. त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. परंतु टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरपेटीत इंजिनाची शक्ती तेलामार्फत चाकांकडे जाते आणि ते तेल घुसळून तापते. चढावर भरलेली गाडी संथपणे चालू लागली की ही उष्णता फार वाढते. म्हणून तापलेले तेल एका नळीने कूलरकडे जाते व निवून दुसरीने परत येते. सांधा गळू लागला तर तेल उणे होते, आतील क्लचच्या चकत्या घसरून जळतात, आणि अल्प किमतीच्या फिटिंगपायी सबंध गिअरपेटी उघडण्याची पाळी येते.

फिटिंग निवडताना प्रथम आटे ओळखावेत. अमेरिकन निमुळत्या एनपीटी आट्यांचा कोन ६० अंश, तर ब्रिटिश बीएसपीटी आट्यांचा ५५ अंश असतो. पाव इंची मापात पहिल्याचे इंचास १८ आटे, दुसऱ्याचे १९. दोन-तीन फेरे बसतात, पुढे अडतात. जोर केल्यास ॲल्युमिनियमचे भोक बिघडते. तोंड फुलवलेल्या नळीचीही अशीच फसगत होते. जेआयसी जातीचा उतार ३७ अंशांचा, एसएई जातीचा ४५ अंशांचा. अर्धा इंची नळीच्या मापात दोहोंचे आटे एकच, म्हणून नट सुखाने बसतो. परंतु बैठक जुळत नसल्याने गळती राहते. यास्तव जुना नमुना समोर ठेवून आटेमापकाने तपासूनच माल द्यावा व घ्यावा.

नळी पोलादी असावी व तिचे तोंड दुहेरी दुमडून फुलवावे. तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, ती वर्ज्य समजावी. रबरी नळी गिअरतेलाच्या कूलरसाठीच बनविलेली, म्हणजे एसएई जे १५३२ या मानकाची घ्यावी. पाण्याची साधी नळी उष्ण तेलाने फुगून सुटते.

बसविताना प्रथम दोन्ही टोके स्वच्छ करावीत. नट आधी हाताने फिरवावा, मग एका पान्याने फिटिंग धरून दुसऱ्याने आवळावा. अन्यथा नळीला पीळ पडतो. टेफ्लॉन टेप केवळ निमुळत्या आट्यांवर, पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळावी. फुलवलेल्या तोंडावर ती कदापि लावू नये. दाबून बसणाऱ्या फिटिंगची क्लिप नवी घालावी आणि नळी ओढून पाहावी. नळ्या धुराड्यापासून दूर ठेवून पट्ट्यांनी बांधाव्यात.

काम झाल्यावर इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, सर्व गिअर क्रमाने लावावेत. उत्पादकाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेलाची पातळी पाहावी व प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तपासावा. तेल गुलाबी, दुधाळ दिसल्यास रेडिएटरमधील कूलर फुटून पाणी मिसळले असे समजून गाडी तत्काळ थांबवावी. माल भरण्यापूर्वीची ही अर्ध्या तासाची तपासणी प्रत्येक पेढीने आपल्या चालकाच्या कामातच नेमून द्यावी, ही विनंती.