ताट आपले, पोट त्याचे

‘डॉक्टर, हा काहीच खात नाही हो.’ बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येते. बोलणारी बहुधा आई असते, शेजारी आजी असते आणि ज्याच्याबद्दल तक्रार चालली आहे ते बाळ टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढण्यात रमलेले असते. मध्यंतरी असेच एक कुटुंब आले. मुलगा वीस महिन्यांचा. ‘आधी वाटीभर खिमट संपवायचा. आता घास गालात धरून बसतो, नाहीतर थुंकतो,’ आई सांगत होती. आजी म्हणाल्या, ‘हिला भरवताच येत नाही. काहीतरी भुकेचे औषध लिहून द्या.’ आईचे डोळे भरून आले.

औषधाआधी एक साधा हिशेब करू. जन्मताना तीन किलोचे असलेले बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत नऊ किलोच्या आसपास पोहोचते. म्हणजे वर्षभरात वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. उंची पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मीच. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. यात आजार नाही आणि आईची चूकही नाही. शिवाय या वयात बाळाला पाय फुटलेले असतात, ‘नको’ म्हणता येऊ लागलेले असते आणि एका जागी बसून जेवण्यापेक्षा घरभर फिरणे जास्त गमतीचे वाटते.

याच सुमारास अनोळखी पदार्थाची धास्तीही सुरू होते. कालपर्यंत तोंडात जाईल ते खाणारे मूल हिरवे पान दिसताच तोंड फिरवते. चालू लागलेल्या मुलाने दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय असावी, असे मानले जाते. दोन ते सहा या वयात ही धास्ती जास्त जाणवते आणि बहुतेक मुलांमध्ये हळूहळू ओसरते. एखादा नवा पदार्थ मुलाने स्वीकारावा यासाठी तो अनेकदा दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण मात्र तिसऱ्या नकारालाच ‘आमच्या बाळाला भोपळा आवडत नाही’ असे जाहीर करून टाकतो.

जबरदस्तीचा उलटा परिणाम

मग सुरू होते ताट घेऊन मागे धावणे. चिऊ-काऊचे घास, मोबाइलवरची गाणी, ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ आणि शेवटी नाक दाबून घास कोंबणे. याचा परिणाम काय होतो? अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना सूप देण्यात आले. ‘सूप संपव’ असा आग्रह झाला तेव्हा मुलांनी त्या सूपला जास्त नावे ठेवली. आग्रह नव्हता तेव्हा त्यांनी ते जास्त खाल्ले. चॉकलेटचे आमिषही असेच उलटते. भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, एवढाच धडा मूल त्यातून घेते.

मुलाच्या मर्जीवर सोडले तर ते उपाशी राहील, ही भीती स्वाभाविक आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९२०-३०च्या दशकांत नेमके हेच तपासले. अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या १५ मुलांना त्यांनी धान्य, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस अशा ३४ साध्या पदार्थांमधून हवे ते, हवे तितके खाऊ दिले. परिचारिकांनी आग्रह करायचा नाही, मूल ज्याकडे हात करील तेवढेच भरवायचे. मुलांच्या तऱ्हा अजब होत्या, एका जेवणाचा दुसऱ्याशी मेळ नसे. तरीही मुले छान वाढली. मात्र त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती आणि कारखान्यात तयार झालेले काही नव्हते. खरी युक्ती त्या यादीतच होती, हे डेव्हिस यांनी स्वतःच सांगितले आहे. बिस्किटे आणि वेफर्स समोर ठेवून ‘त्याला हवे ते खाऊ दे’ म्हटले, तर निकाल वेगळा लागेल.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी पुढे हीच गोष्ट सोप्या वाटणीत बसवली. काय वाढायचे, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले काय आणि किती खायचे, हे मुलाने ठरवायचे.

दुधाने भरलेले पोट

त्या वीस महिन्यांच्या मुलाच्या आईला मी विचारले, ‘काल सकाळपासून त्याच्या तोंडात काय काय गेले, सगळे सांगा.’ यादी निघाली. उठल्याबरोबर बाटलीभर दूध, दहा वाजता चार बिस्किटे, दुपारी जेवला नाही म्हणून पुन्हा दूध, संध्याकाळी वेफर्स, रात्री झोपेत आणखी एक-दोन बाटल्या. ‘काही नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे,’ आजी म्हणाल्या. मायेने केलेले, पण दिवसाला लिटरभर झालेले.

पूर्ण सायीच्या पिशवीतल्या एक लिटर दुधात साधारण ८५० ते ९०० कॅलरी असतात. या वयाच्या बाळाची दिवसभराची गरज हजाराच्या आसपास आहे. म्हणजे मूल उपाशी नव्हते, त्याचे पोट भरलेले होते. पण दुधात लोह जवळजवळ नसते आणि दुधातले कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्याही आड येते. मुलाचे तळवे पांढुरके दिसत होते. तपासणीत हिमोग्लोबिन आठच्या खाली निघाले, निदान ११ हवे. लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते, जेवण घटते, मग दूध वाढते. हे चक्र महाराष्ट्रात अपवादाचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत राज्यातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

म्हणून वर्षानंतर दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर नको आणि तेही कपाने. बाटली बंदच करावी. चहा देऊ नये, तोही लोह शोषू देत नाही. सरकारी योजनेत पाच वर्षांखालील मुलांना लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा आणि जंताचे औषध ठरावीक काळाने मोफत मिळते. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे त्याची चौकशी करा.

भुकेच्या औषधाचे काय? अशा अनेक औषधांत सायप्रोहेप्टाडीन हा घटक असतो. हे मूळचे ॲलर्जीचे औषध. त्याने झोप येते, दोन वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत आणि वाढलेली भूक औषध थांबले की बहुधा पूर्वपदावर येते. परस्पर दुकानातून आणून ते देऊ नये.

घरी काय करावे?

दिवसात तीन जेवणे आणि दोन वेळा खाऊ ठरवा. मधल्या दोन-अडीच तासांत फक्त पाणी. सगळ्यांसोबत बसवा, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. ताटात एक ओळखीचा पदार्थ हवाच. नवा पदार्थ शेजारी, तोही चमचाभर. वाढताना वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा, हा ढोबळ हिशेब. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी पुरते. मागितले तर पुन्हा वाढा. अर्ध्या तासाने ताट उचला, रागवू नका आणि बदली म्हणून बिस्किटे देऊ नका. सांडले तरी त्याच्या हाताने खाऊ द्या.

घास थोडे असतील तर ते कसदार हवेत. वरणभातावर तूप, भाजीत दाण्याचे कूट, नाचणीचे सत्त्व, मुगाचे धिरडे, मऊ शिजवलेली मटकी, अंडे, चालत असेल तर मासे किंवा खिमा. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह चांगले शोषले जाते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे मात्र या वयात नकोत, ती श्वासनलिकेत अडकतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मूल खेळकर असेल आणि वजन-उंची वाढीच्या तक्त्यातल्या आपल्या रेषेने चालली असेल, तर धीर धरा. पण वजन कमी होत असेल किंवा दोन-तीन महिने वाढतच नसेल, वारंवार उलट्या-जुलाब होत असतील, गिळताना ठसका लागत असेल, शौचाला खडा होत असेल, मूल माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, ताप हटत नसेल किंवा घरात कुणाला क्षयरोग असेल, तर तपासणी टाळू नका. एखादे मूल मोजक्या चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच स्वीकारत नसेल, बोलणे किंवा नजरेला नजर देणेही मागे पडले असेल, तर तेही जरूर सांगा.

त्या मुलाला लोहाचे औषध सुरू केले, बाटली सुटली आणि दूध दोन कपांवर आले. पहिले चार दिवस घरात रडारड झाली. आजींना मी एवढेच विचारले, ‘आजी, तुमच्या लहानपणी घरात किती मुलं होती?’ ‘सात,’ त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या, ‘मागे ताट घेऊन कोण धावणार!’ दोन महिन्यांनी तिघे पुन्हा आले तेव्हा मुलाचे वजन चारशे ग्रॅमने वाढले होते आणि तळव्यांना रंग आला होता. ‘भोपळा अजून थुंकतो,’ आई म्हणाली. पण या वेळी ती हसत होती.