लग्नपत्रिकेवरही सेन्सॉरची नजर

महाराष्ट्रातल्या बांद्याहून गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी हाकेच्या अंतरावर. पण १९६१पर्यंत ही हद्द ओलांडली की अक्षरालाही परवाना लागे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात वर्तमानपत्रंच काय, साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवूनच छापावी लागे. मुहूर्त भटजींनी काढायचा, मजकुराला मंजुरी मात्र सरकारची!

या दडपशाहीविरुद्ध १८ जून १९४६ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी जाहीर सभेचा घाट घातला. त्यांना लगेच पकडलं, पण लोकांची भीड चेपली.

ऑगस्ट १९५४मध्ये गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. २४ मार्च १९६२ला पणजीत ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक निघालं. अंक छापण्याआधी तो कुणा साहेबाला दाखवायचा नव्हता.